अपडेटनंतर लॅपटॉप उघडेना: परतीची वाट आधीच आखून ठेवा

पिंपळपान

गेल्या आठवड्यात रात्री साडेअकराला धाकट्या बहिणीचा फोन आला. "दादा, स्क्रीन निळी झालीय आणि अठ्ठेचाळीस आकड्यांची किल्ली मागतेय. मी तर कधी कुलूप लावलंच नव्हतं!" दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तिला प्रबंध जमा करायचा होता. संध्याकाळी लॅपटॉपने अपडेट घेतलं, त्याच्यासोबत बायोसचंही (मशीन सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरचंही) आलं, आणि रीस्टार्ट झाल्यावर हे असं.

तिने कुलूप लावलं नव्हतं हे खरंच होतं. हल्लीच्या बऱ्याच विंडोज लॅपटॉपांवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं की डिस्कचं एन्क्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय डेटा वाचता येऊ नये असं कुलूप, आपोआप चालू होतं. ती डिस्क उघडायचं काम मदरबोर्डवरची टीपीएम ही चिप करते. मशीन सुरू होताना ती आधी खात्री करून घेते की सगळं कालच्यासारखंच आहे. बायोस बदललं की हिशेब जुळत नाही, चिप दार उघडत नाही आणि मशीन आपल्याकडे किल्ली मागतं. म्हणजे डेटा गेलेला नसतो, व्हायरसही नसतो. पण हे माहीत नसेल तर माणूस घाबरतो आणि "फॉरमॅट मारून टाक" असं सांगणारा कोणीतरी हमखास भेटतो. तिलाही भेटला होता. तिने ते ऐकलं असतं तर प्रबंध कायमचा गेला असता, कुठल्याही रिकव्हरी सॉफ्टवेअरला तो परत आणता आला नसता.

निळ्या स्क्रीनवर किल्लीच्या ओळखक्रमांकाची पहिली आठ अक्षरं दिसतात. ती तिच्याकडून लिहून घेतली. मग तिच्या खात्यात किल्ल्यांचं पान उघडलं, तर तिथे एकही किल्ली नाही. ती रडकुंडीला आली. मी विचारलं, लॅपटॉप नवा कोरा होता तेव्हा पहिल्यांदा कोणत्या खात्याने उघडला होतास? आठवून आठवून म्हणाली, जुन्या ईमेलने, तो आता वापरत नाही. त्या खात्याचा पासवर्ड परत मिळवण्यात पाऊण तास गेला. तिथे किल्ली होती आणि पहिली आठ अक्षरंही जुळली.

मग मी वाचत गेलो, ती कागदावर लिहून मला परत वाचून दाखवत गेली. सहा आकड्यांचे आठ गट असतात. या प्रत्येक गटाला ११ ने पूर्ण भाग जातो, त्यामुळे एखादा आकडा चुकला तर लगेच कळतं. पाचवा गट तिने परत वाचला, मी कॅल्क्युलेटरवर भाग दिला, जाईना. "सात" म्हटलेलं तिला "सहा" ऐकू आलं होतं. दुरुस्त केलं. पावणेएकच्या सुमाराला डेस्कटॉप दिसला. प्रबंध जागच्या जागी होता. ती दोन मिनिटं काही बोललीच नाही.

हे इतकं सविस्तर लिहिलं कारण ती किल्ली आधीच एका कागदावर उतरवून ठेवली असती तर हा सगळा प्रकार पाच मिनिटांचा होता. बिघाड अपडेटने होतो हे मान्य. पण बिघाडाचं संकट होतं ते परत फिरायची वाट आधी आखलेली नसते म्हणून. अपडेट घ्यायचं की नाही यावर आपण खूप वाद घालतो आणि घेण्याआधी काय करून ठेवायचं यावर फारच कमी बोलतो. म्हणून हा धागा.

अपडेट बंद करून ठेवा असं मी कोणालाही सांगणार नाही. १४ मार्च २०१७ ला मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या फाइल शेअरिंगमधलं एक भगदाड बुजवणारं अपडेट दिलं होतं. १२ मे २०१७ ला त्याच भगदाडातून वॉनाक्राय हे खंडणीखोर सॉफ्टवेअर जगभर पसरलं, ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या रुग्णालयांचं काम कोलमडलं. मध्ये जवळजवळ दोन महिने होते. दोन महिने पुरेसे असतात.

मी स्वतः काय करतो ते सांगतो. विंडोजची सुरक्षेची अपडेट्स दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, २००३ च्या ऑक्टोबरपासून हाच शिरस्ता आहे. त्या दिवशी मी ती घेत नाही, साधारण आठवडाभर थांबतो. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर पॉज करायची सोय आहे, पाच आठवड्यांपर्यंत ताणता येते. मी एकच आठवडा घेतो. काही गंभीर निघालं तर तेवढ्या काळात बोभाटा झालेला असतो. महिनाअखेरीला जी ऐच्छिक अपडेट्स दिसतात ती घरच्या मशीनवर घेतच नाही, कारण त्यातल्या गोष्टी पुढच्या महिन्याच्या अपडेटात येतातच. बायोसचं अपडेट असेल तर आधी एन्क्रिप्शन तात्पुरतं स्थगित करतो आणि काम झाल्यावर ते पुन्हा चालू झालंय ना हे डोळ्यांनी बघतो.

वर्षातून एकदा येणारं मोठं अपडेट वेगळ्या जातीचं. ते बसलं की जुनी विंडोज "विंडोज डॉट ओल्ड" या फोल्डरमध्ये जाऊन बसते आणि दहा दिवसांत एका बटणावर परत जाता येतं. अकराव्या दिवशी ते बटण चालत नाही. डीआयएसएम या विंडोजच्याच कमांडने ही मुदत ६० दिवसांपर्यंत वाढवता येते, पण दहा दिवस उलटायच्या आत. आणि जागा मोकळी करायच्या नादात तो फोल्डर उडवू नका. त्या दहा दिवसांत रोज न लागणाऱ्या गोष्टी मुद्दाम लावून बघा: स्कॅनर, प्रोजेक्टर, माईक, डिजिटल सहीचं टोकन, देवनागरी कळफलक. माझ्या एका मित्राला मुदत संपल्यावर तिसऱ्या दिवशी कळलं की स्कॅनर चालत नाही.

तुम्ही काय करता, कुठे अडकलात, कसे सुटलात, सगळं लिहा.

निवडुंग

लेख पटला, पण एका बाबतीत मी तुमच्या विरुद्ध आहे. माझ्याकडे एक मशीन आहे ज्यावर गेली चार वर्षं अपडेट बंद आहेत आणि बंदच राहतील. त्याला धातूची जाडी मोजणारं एक यंत्र जोडलेलं आहे. यंत्राचं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली. एका मोठ्या अपडेटनंतर यंत्राचा ड्रायव्हर (यंत्राला विंडोजशी जोडणारं सॉफ्टवेअर) चालेना आणि दोन दिवस आमचं मोजमाप ठप्प होतं. अशा मशीनला "आठवडाभर थांबा" हे उत्तर लागू पडत नाही.

पिंपळपान

बरोबर आहे तुमचं, मी घरच्या आणि रोजच्या कामाच्या मशीनचा विचार करून लिहिलं. यंत्राला जोडलेला संगणक हा यंत्राचाच एक भाग धरायला हवा. फक्त एक विचारतो: ते मशीन नेटवर्कवर आहे का? अपडेट बंद आणि नेटवर्क चालू ही जोडी मला भीतीदायक वाटते. वॉनाक्रायला कोणी लिंक दाबायची गरज पडत नव्हती, ते एका मशीनवरून शेजारच्या मशीनवर आपलं आपण जात होतं.

निवडुंग

वायफाय कार्ड काढून टाकलंय, केबल नाही. मोजमापाच्या फायली पेनड्राइव्हने नेतो.

वाटाड्या

@निवडुंग, मग तुमची व्यवस्था उत्तम आहे. एकच भर घाला. त्या डिस्कची पूर्ण प्रतिमा (हुबेहूब प्रत) काढून दुसऱ्या डिस्कवर ठेवा, आणि ती प्रतिमा खरोखर बसते का हे एकदा तिसऱ्या डिस्कवर चढवून बघा. चार वर्षं चालणारी डिस्क कधीतरी जाणारच, आणि त्या सॉफ्टवेअरचा इन्स्टॉलर परत मिळणार नाही.

गोधडी

परतीच्या वाटेबद्दल लिहिलंत, पण बॅकअपवर एक ओळही नाही, म्हणून मी लिहिते.

ऑक्टोबर २०१८ चं विंडोज १० चं मोठं अपडेट, आवृत्ती १८०९, ज्यांनी पहिल्या काही दिवसांत घेतलं त्यातल्या काही लोकांच्या डॉक्युमेंट्समधल्या फायली उडाल्या होत्या. ज्यांनी डॉक्युमेंट्स, पिक्चर्स हे फोल्डर दुसऱ्या ठिकाणी वळवले होते आणि जुन्या जागी काही फायली शिल्लक राहिल्या होत्या, त्यांची ती जुनी जागाच अपडेटने रिकामी समजून साफ केली. २ ऑक्टोबरला आलेलं अपडेट त्याच आठवड्यात थांबवलं गेलं आणि १३ नोव्हेंबरला दुरुस्त होऊन परत आलं. अशा वेळी जुन्या आवृत्तीवर परत जाऊन काही उपयोग नसतो. मागे जाते ती विंडोज. गेलेली फाइल मागे येत नाही.

रिस्टोअर पॉइंट, म्हणजे विंडोजने जपून ठेवलेली आधीची स्थिती, त्याबद्दलही हाच गैरसमज आहे. तो सिस्टिमच्या फायली आणि सेटिंग्ज मागे नेतो, तुमची पत्रं आणि फोटो नाही.

आणि क्लाउडशी जोडलेला फोल्डर म्हणजे बॅकअप असं कृपया समजू नका. इथे फाइल उडाली की तिथेही उडते, तेच त्याचं काम आहे. बऱ्याच सेवांमध्ये कचरापेटीतून काही दिवस परत मिळते, पण लक्षात यायलाच महिना गेला तर? मी दोन बाह्य डिस्क ठेवते. एक आठवड्याला लागते, एक महिन्याला, आणि काम झालं की दोन्ही काढून कपाटात. कायम लावून ठेवलेली डिस्क ही माझ्या मते दुसरी प्रत नव्हे, तो त्याच मशीनचा भाग आहे. मशीनला खंडणीखोर लागला तर तिलाही लागणार.

पिंपळपान

गोधडीताई, ही माझी मोठी चूक होती, मनापासून आभार. बहिणीच्या प्रबंधाची दुसरी प्रत नव्हतीच. त्या रात्री माझे हात थंड पडले ते त्यामुळेच, आणि लिहिताना तेच राहून गेलं.

शाईपेन

मी आत्ता अडकले आहे, म्हणून विचारते. पुस्तकांची मांडणी आणि चित्रं असं माझं काम. विंडोज ११ चं नवं मोठं अपडेट तीन वेळा लावून बघितलं. डाउनलोड होतं, रीस्टार्ट होतं, साठ-सत्तर टक्क्यांपर्यंत जातं, मग "बदल मागे घेतले जात आहेत" असं येतं आणि पुन्हा जुनीच विंडोज. प्रत्येक खेपेला दीड-दोन तास. शेवटी कोड येतो: ०एक्ससी१९००१०१ आणि डॅशनंतर ०एक्स३००१८. जागा भरपूर आहे, ९० जीबी मोकळी. फॉरमॅट करायची वेळ आली आहे का? फॉन्ट आणि ब्रशेस परत बसवायचे म्हणजे माझा आठवडा जाईल.

वाटाड्या

ताई, फॉरमॅटचं नाव काढू नका. तुमच्या कोडमध्येच बरंच काही आहे. पहिला भाग, सी१९००१०१, म्हणजे अपडेट मध्येच मोडलं आणि मागे फिरलं, आणि याच्या मुळाशी बहुतेक वेळा ड्रायव्हर असतो. दुसरा भाग सांगतो की कोणत्या टप्प्यावर मोडलं. ३००१८ म्हणजे एक ड्रायव्हर उत्तर देईनासा झाला.

आज एवढंच करा. कळफलक, माऊस आणि स्क्रीन सोडून सगळं काढा: प्रिंटर, हब, बाह्य डिस्क, कार्ड रीडर, चित्राचा पॅड. बाहेरून घेतलेला अँटीव्हायरस असेल तर तो नुसता बंद नको, पूर्ण काढा. विंडोजचा स्वतःचा लगेच त्याची जागा घेतो. मग एकदा लावून बघा.

नाहीच झालं तर विंडोज फोल्डरमध्ये लॉग्ज, त्यात सेटअपडायग. अपडेट फसलं की विंडोज स्वतःच तिथे एक अहवाल लिहून ठेवते, त्यात फसण्याचं कारण लिहिलेलं असतं. ती फाइल नोटपॅडमध्ये उघडून कारणाची ओळ इथे टाका. फायलीतलं मशीनचं आणि तुमचं नाव मात्र खोडा.

शाईपेन

आभार. रात्री करते.

पायवाट

प्रश्न अगदीच बाळबोध असेल तर क्षमा करा. वडिलांचं मशीन "अपडेट सुरू आहे, बंद करू नका" यावर पावणेतीन तास आहे. टक्का ३५. बाबा म्हणतात बटण दाबून बंद कर. करू का?

वाटाड्या

बाळबोध अजिबात नाही, हा सर्वांत जास्त नुकसान करणारा क्षण आहे. आधी डिस्कचा दिवा बघा. मधूनमधून लुकलुकतोय का? दिवा नसेल तर कान लावा, जुन्या फिरत्या डिस्कचा आवाज येतो. काम चालू असेल तर हात लावू नका, फिरती डिस्क असलेल्या मशीनला चार-पाच तासही लागतात. चार्जर लावलेला असू द्या.

दिवा पूर्ण मेलेला आहे, टक्का हलत नाही, असं आणखी दोन तास राहिलं तर मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. पुन्हा चालू केल्यावर बहुतेक वेळा ते स्वतःच मागे फिरतं. नाहीच सुरू झालं आणि लागोपाठ दोन-तीन वेळा अर्ध्यातच पडलं, तर विंडोज आपोआप दुरुस्तीचं पान उघडते. तिथे ट्रबलशूट, मग प्रगत पर्याय, मग अपडेट अनइन्स्टॉल. दोन पर्याय दिसतील: दर महिन्याचं छोटं आणि वर्षाचं मोठं. शेवटचं जे घेतलं असेल तेच काढा. लॉगिनचा पडदा दिसत असेल तर शिफ्ट दाबून रीस्टार्ट केलं की हेच पान येतं.

तिथेच "रीसेट धिस पीसी" पण दिसेल. आज रात्री त्याला हात नको.

पायवाट

दिवा लुकलुकतोय! थांबतो. बाबांना सांगितलं, ते खुर्ची ओढून दिव्याकडे बघत बसले आहेत.

पायवाट

झालं. एकूण सव्वाचार तास. सगळं ठीक आहे.

उंबरठा

मी एका संस्थेत १४० मशीन सांभाळते, म्हणून थोडं कार्यालयाच्या बाजूने.

पिंपळपान यांनी "आठवडा थांबा" म्हटलं. आम्ही तेच टप्प्यांनी करतो. पहिल्या दिवशी सहा मशीनवर, तीन दिवसांनी तीसवर, मग बाकी सगळ्यांवर. ती पहिली सहा कोणती हे महत्त्वाचं. आधी मी आमच्या विभागाची घ्यायची, ती सगळी सारखी, नवी, स्वच्छ, त्यावर कधीच काही बिघडायचं नाही. मग सातव्या दिवशी हिशेब विभागातून ओरड. आता प्रत्येक विभागातलं एक घेते, ज्यावर त्या विभागाचा सर्वांत विचित्र प्रिंटर आणि सर्वांत जुनं सॉफ्टवेअर आहे. ज्यांचं मशीन आहे त्यांना आधी विचारते आणि त्या दिवशी त्यांच्या शेजारी बसते. तीनदा तरी मोठी अडचण सहा मशीनवरच थांबली आहे.

१९ जुलै २०२४ सगळ्यांना आठवत असेल. क्राउडस्ट्राइकची एक सदोष फाइल गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडली, विमानं रखडली. तो विंडोजचा अपडेट नव्हता, सुरक्षा सॉफ्टवेअरचा होता, हे मुद्दाम सांगते कारण अजूनही लोक गल्लत करतात. उपाय साधा होता: सेफ मोडमध्ये (विंडोज कमीत कमी गोष्टींवर सुरू करून) जाऊन एक फाइल काढायची. पण बऱ्याच ठिकाणी तो प्रत्येक मशीनपुढे बसून हाताने करावा लागला, आणि डिस्क एन्क्रिप्टेड असेल तर तिथेही हीच अठ्ठेचाळीस आकडी किल्ली हवी. आमच्याकडे ते सॉफ्टवेअर नव्हतं. तरी त्याच दुपारी मी १४० किल्ल्यांची यादी तपासायला घेतली. अकरा नव्हत्या. त्या मिळवायला तीन दिवस गेले, आणि ते तीन दिवस शांततेत मिळाले याचं मला फार समाधान आहे.

अजून एक. प्रत्येक बिघाड हा बिघाड नसतो. २०२१ च्या जुलैत विंडोजच्या छपाईच्या सेवेतली प्रिंटनाइटमेअर नावाची सुरक्षेची त्रुटी उघड झाली. त्यानंतर ऑगस्टच्या अपडेटने नेटवर्कवरच्या प्रिंटरचा ड्रायव्हर बसवायला अ‍ॅडमिनची परवानगी सक्तीची केली. लोकांना वाटलं प्रिंटर मोडला. मोडला नव्हता, दार मुद्दाम बंद केलं होतं. असं असताना अपडेट काढून टाकलं तर दार पुन्हा सताड उघडं. म्हणून काढण्याआधी त्या अपडेटच्या केबी क्रमांकाने (प्रत्येक अपडेटला असा स्वतःचा क्रमांक असतो) शोधा, आणि हे ठरवून केलंय की चुकून झालंय ते बघा.

कंदील

लिनक्सवाल्यांसाठी थोडक्यात. कर्नल (प्रणालीचा गाभा) अपडेट झाल्यावर स्क्रीन काळी पडली तर घाबरू नका, जुना कर्नल काढलेला नसतो. सुरू होताना ग्रबच्या (कोणती प्रणाली सुरू करायची ते विचारणाऱ्या पानाच्या) यादीत प्रगत पर्यायांत जा आणि आधीचा निवडा. बहुतेक वेळा ग्राफिक्स कार्डाचं मॉड्यूल नव्या कर्नलसाठी बांधलं गेलेलं नसतं. टाइमशिफ्ट या सॉफ्टवेअरने अपडेटआधी एक स्नॅपशॉट (प्रणालीच्या त्या क्षणाच्या स्थितीची प्रत) घ्यायची सवय लावा.

एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर जास्त जपा. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटने सिक्युअर बूटमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सुरक्षा तपासणीत) जुने बूटलोडर, म्हणजे प्रणाली सुरू करून देणारे प्रोग्रॅम, नाकारायची यादी टाकली आणि अनेकांचं लिनक्स उघडेना. अशा मशीनवर मी लिनक्सचा एक चालू पेनड्राइव्ह बॅगेतच ठेवतो.

गोधडी

मॅकचंही लिहा कोणीतरी. माझ्या माहितीतली एवढी भर: २०१९ च्या कॅटलिना या मॅकच्या आवृत्तीने जुन्या धाटणीची, ३२ बिटची अ‍ॅप्स चालवणं पूर्ण थांबवलं, आणि त्या अपडेटनंतर लोकांची जुनी, पैसे मोजून घेतलेली सॉफ्टवेअरं एका रात्रीत उघडेनाशी झाली. मॅकवर जुन्या आवृत्तीवर जायचं तर दहा दिवसांचं बटण वगैरे नाही. डिस्क पुसून जुनी प्रणाली बसवायची आणि आधीच्या टाइम मशीनमधून (मॅकच्या स्वतःच्या बॅकअपमधून) फायली आणायच्या. तिथे तर बॅकअप हीच एकुलती एक वाट.

निवडुंग

विंडोज १० वाल्या मशीनचं काय करावं? एक जुनं आहे, ११ घेत नाही म्हणतं.

उंबरठा

११ साठी टीपीएम २.० आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीतला प्रोसेसर लागतो. टीपीएम कधी कधी असतं पण बायोसमध्ये बंद असतं, ते आधी बघा. प्रोसेसरच जुना असेल तर नाइलाज. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेट्सची योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे. अट चुकवून ११ बसवायच्या युक्त्या फिरतात, पण पुढची अपडेट्स अशा मशीनला मिळतीलच याची हमी नाही. कामाच्या मशीनवर मी ते करणार नाही. नुसतं ब्राउझर आणि पत्रं असतील तर लिनक्स टाका, कंदील मदत करतील.

कंदील

नक्की. वेगळा धागा काढा, मी येतो.

वाटाड्या

छोट्या, मासिक अपडेटसाठी दोन गोष्टी राहिल्या. "शटडाउन करून चालू केलं तरी बिघाड तसाच" असं पुष्कळ जण म्हणतात. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउनमध्ये कर्नल डिस्कवर झोपवला जातो आणि सकाळी तोच उठवला जातो. खरी नवी सुरुवात रीस्टार्टने होते. आधी रीस्टार्ट, मग बाकी.

दुसरं म्हणजे दुरुस्तीच्या कमांडचा क्रम. सगळे आधी एसएफसी स्कॅननाऊ (विंडोजच्या फायली तपासून दुरुस्त करणारी कमांड) मारतात आणि "काही फायली दुरुस्त करता आल्या नाहीत" असं आलं की हात टेकतात. एसएफसी बिघडलेली फाइल बदलायला चांगली प्रत विंडोजच्या स्वतःच्या कोठारातून आणतं. कोठारच खराब असेल तर ते आणणार कुठून? म्हणून आधी डीआयएसएमचं रिस्टोअरहेल्थ चालवायचं, त्याने कोठार दुरुस्त होतं, आणि मग एसएफसी. डीआयएसएम मध्येच एका टक्क्यावर बराच वेळ थांबल्यासारखं दिसतं. थांबू द्या.

शाईपेन

कालचा वृत्तांत. सगळं काढलं, अँटीव्हायरस काढला, तरी पुन्हा मागे फिरलं. मग सेटअपडायगचा अहवाल उघडला. त्यात एका ड्रायव्हर फायलीचं नाव आहे, पण ते कशाचं आहे हेच मला कळत नाही. माझ्याकडे या नावाचं काही उपकरण नाही.

वाटाड्या

ताई, डिव्हाइस मॅनेजर उघडा, वर व्ह्यू मध्ये "शो हिडन डिव्हायसेस" निवडा. आता जोडलेली नसलेली, पण पूर्वी कधीतरी जोडलेली उपकरणं फिकट रंगात दिसतील. त्यात शोधा. फायलीच्या गुणधर्मात बनवणाऱ्याचं नावही असतं.

शाईपेन

सापडलं! चित्र काढायचा जुना पॅड. तीन वर्षांपूर्वी भाचीला देऊन टाकला. उपकरण घरात नाही, पण ड्रायव्हर इथेच!

वाटाड्या

तोच असणार. त्याच्यावर उजवी क्लिक, अनइन्स्टॉल, आणि विचारेल तेव्हा "ड्रायव्हरही काढून टाका" या चौकोनात खूण करा. ती खूण केली नाही तर फक्त यादीतलं नाव जातं, फाइल तिथेच राहते. त्या पॅडचं सॉफ्टवेअर प्रोग्रॅम्सच्या यादीत असेल तर तेही काढा. रीस्टार्ट. मग अपडेट. आणि हो, गोधडीताईंनी सांगितलेली डिस्क आधी.

शाईपेन

डिस्कवर सगळी चित्रं आणि फॉन्ट उतरवून घेतले, किल्लीही कागदावर लिहून पाकिटात ठेवली. आता अपडेट लावते.

पिंपळपान

वाट बघतोय.

शाईपेन

बसलं. एक तास दहा मिनिटं, एकदाही मागे फिरलं नाही. फॉन्ट जागेवर, ब्रशेस जागेवर. वाटाड्यादादा, तुम्ही "फॉरमॅटचं नाव काढू नका" म्हणालात म्हणून थांबले, नाहीतर त्या रात्रीच करून बसले असते. नवा पॅड जोडला, पेनचा दाब नीट येतोय. रंगांचं कॅलिब्रेशन आणि स्कॅनर अजून बघितलेला नाही. कॅलेंडरवर नवव्या दिवसाला खूण केली आहे, त्याआधी दोन्ही लावून इथे कळवते.